पाच ते नऊ मी शिळफाट्यावर असतो

डोंबिवली पूर्व
रविवार, ११ जुलै २०२१

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विषय : मोकळ्या मैदानाला कुलूप आणि भरलेल्या बसला मुभा

आमच्या घरामागच्या मैदानाला एक फेरी मारायला मला ७२० पावलं लागतात. हिशेब विभागात ३१ वर्षं काढल्यामुळे मोजायची खोड लागली आहे, तिला इलाज नाही. आठ वर्षांपूर्वी मधुमेह निघाला तेव्हा डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितलं, आणि तेव्हापासून रात्रीच्या जेवणाआधी सात फेऱ्या हा माझा नेम झाला. पावसात छत्री घेऊन चाललो, मुलीच्या बारावीचा निकाल लागला त्या दिवशीही चाललो. आता त्या मैदानाच्या फाटकाला सकाळी नऊ वाजता कुलूप लागतं, ते दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला निघतं.

नियमच तसा आहे, त्यामुळे कुलूप लावणाऱ्या रखवालदाराला बोल लावण्यात अर्थ नाही. राज्य सरकारने ४ जूनच्या आदेशात कोरोनाचा पॉझिटिव्हिटी दर (म्हणजे शंभर चाचण्यांत किती बाधित) आणि भरलेल्या ऑक्सिजन खाटा बघून पाच स्तर पाडले. मग २५ जूनला नवा आदेश आला आणि डेल्टा प्लस या विषाणूच्या नव्या प्रकाराच्या धास्तीने सगळा महाराष्ट्र किमान तिसऱ्या स्तरात जाऊन बसला. तिसऱ्या स्तरात मोकळी मैदानं, चालणं, सायकल चालवणं हे सगळं रोज पहाटे पाच ते सकाळी नऊ. दुकानं चारपर्यंत. खासगी कार्यालयं चारपर्यंत, निम्म्या हजेरीने. संध्याकाळी पाचपर्यंत जमावबंदी, पाचनंतर संचारबंदी. कागदावर वाचायला हे सगळं फार नीटनेटकं दिसतं. आमच्या ताळेबंदासारखं.

आता माझा दिवस सांगतो. मी लोअर परळला एका खासगी कंपनीत आहे. निम्मी हजेरी म्हणाल तर आमच्या विभागात आम्ही दोघंच. दोघांतला निम्मा म्हणजे एक, आणि दुसऱ्याच्या घरी सात महिन्यांचं बाळ असल्यामुळे तो एक बहुतेक दिवशी मीच असतो. कामावर जायला मला बंदी नाही. लोकलमध्ये चढायला आहे. मी डॉक्टर नाही, पालिकेत नाही, मंत्रालयात नाही, व्हाउचर तपासणारा माणूस आहे. तेव्हा कामावर जा, पण कसं जायचं ते तुमचं तुम्ही बघा, असा या दोन नियमांचा मिळून अर्थ होतो.

तर मी साडेचारला उठतो. पाच वीसला रिक्षा, साडेपाचला इंदिरा चौकातल्या रांगेत. बस मिळाली तर सहाच्या आसपास. कल्याण-शिळ रस्ता, शिळफाटा, महापे, वाशी. वाशीला दुसरी बस, सायनला तिसरी. नऊला पाच-दहा मिनिटं कमी असताना कार्यालयात अंगठा. (अंगठा संसर्गाच्या भीतीने बंद केला होता, तो मागच्या महिन्यात परत सुरू झाला. शेजारी सॅनिटायझरची बाटली ठेवली आहे, ती रिकामी असते.) चारला दार बंद, सव्वाचारला रस्त्यावर, आणि साडेसातला डोंबिवली. पूर्वी दादरहून जलद लोकलने तासाभरात घरी यायचो.

म्हणजे मोकळ्या हवेत चालायला सरकारने मला जे चार तास दिले आहेत, बरोबर तेच चार तास मी बंद बसमध्ये असतो. तक्रार एवढीच आहे. पण आत शिरून बघितली तर बरीच मोठी आहे, म्हणून हे पत्र लांबणार, त्याबद्दल आधीच माफी मागतो.

परवा, शुक्रवारची गोष्ट. नियमाप्रमाणे बसमध्ये आसनं सगळी भरायला परवानगी आहे, उभ्याने प्रवास नाही. कंडक्टर पहिल्या दोन थांब्यांवर हे सांगतो. तिसऱ्या थांब्यावर त्याने तोंड उघडायच्या आतच रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "मग काय चालत जाऊ का परळला?" मागून कोणीतरी म्हणालं, "चला की, नऊ वाजेपर्यंत परवानगी आहे." सगळे हसले, कंडक्टरही हसला, आणि बाई चढल्या. त्यांच्या मागून आणखी अकरा जण चढले. मी उभे प्रवासी मोजले, २६ भरले.

मग मानपाड्याच्या पुढे पावसाची सर आली. पहिली काच सरकली, मग दुसरी, मग दोन्ही बाजूंनी खडाखड सगळ्या. पाच मिनिटांत काचांना आतून वाफ धरली. एका मुलाने बोटाने तिच्यावर रेघ ओढली तर तिथून पाण्याचा ओघळ खाली आला. ते पाणी आमच्या सगळ्यांच्या श्वासाचं होतं. पुढच्या माणसाच्या पाठीवरच्या पिशवीतला डबा माझ्या बरगडीत, माझ्या छत्रीची मूठ मागच्याच्या पोटात. मास्क ओला झाला की नाकाला चिकटतो, श्वास ओढताना आत येतो, मग माणूस तो दोन बोटांनी पुढे धरतो, आणि शेवटी कंटाळून हनुवटीवर घेतो. शिळफाट्याला ट्रकची रांग लागलेली. कोणीतरी खोकलं. सगळी बस गप्प झाली, जो तो श्वास धरून. पण धरून धरणार किती वेळ? शिळफाटा ते महापे पाऊण तास लागला. माझ्या सात फेऱ्या तेवढ्या वेळात झाल्या असत्या.

त्या मैदानात सकाळी आठला कितीही गर्दी असली तरी दोन माणसांमध्ये बैल आडवा उभा राहील एवढं अंतर असतं. वर आभाळ असतं. हवा खाडीकडून येते.

मी काही शास्त्रज्ञ नाही, पण जे सरकारच सांगतं ते वाचतो. गेल्या मे महिन्यात केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने एक पत्रक काढलं. तुमच्याही वर्तमानपत्रात त्याची बातमी आली होती. मोठे तुषार दोन मीटरच्या आत खाली पडतात, पण बारीक कण हवेवर तरंगत दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात. म्हणून दारं-खिडक्या उघडा, पंखे लावा, हवा खेळती ठेवा, कोंदट जागा टाळा, असं त्यात साध्या चित्रांनिशी सांगितलं होतं. मग दहा मीटरचा विचार करून बघितलं तर माझी बस अख्खी त्यात मावते. ड्रायव्हरसकट.

तरीही आपले नियम हवा बघत नाहीत, कारण विचारतात. कामाला निघालात का? मग जा. उगाच निघालात का? मग घरी बसा. विषाणूच्या बाबतीत हा भेद कोणी आणि कशावरून केला, हे मला कोणी तरी समजावून सांगावं.

याचा एक अनुभव माझ्या पदरी आहे. एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत कडक निर्बंध होते, तेव्हा आमचं कार्यालय बंद होतं आणि मी घरून काम करत होतो. मैदान तर पूर्ण बंद. एक दिवस सकाळी सहाला राहवलं नाही म्हणून घराजवळच्या मोठ्या रस्त्यावर मास्क लावून एकटा चालत होतो. पोलिसांची गाडी थांबली.

"काका, कुठे निघालात?"

"कुठे नाही, चालतोय."

"कुठेच नाही तर मग बाहेर कशाला?"

याला काय उत्तर द्यायचं? मी साखरेचं सांगितलं. तो पोरगा वाईट नव्हता, रात्रपाळीने डोळे तारवटलेले होते, त्यालाही कंटाळाच आला असणार. पण त्याने गाडीचं मागचं दार उघडलं. आत आधीच सहा जण होते. म्हणजे मोकळ्या रस्त्यावर जे सात जण एकमेकांपासून शंभर-शंभर मीटरवर चालत होते, ते आता एका बंद गाडीत मांडीला मांडी लावून बसले. तिथून चाचणीच्या तंबूत. तिथे आणखी रांग. अँटिजेन चाचणी झाली, सातही जण निगेटिव्ह निघाले. त्या दिवशी मला जर कुठे कोरोना होण्याची शक्यता होती, तर ती सगळी पोलिसांनी मला उचलल्यानंतरची होती. पाचशे रुपयांची पावती जपून ठेवली आहे, खर्ची कुठल्या खात्यावर टाकायची ते ठरत नाही.

पण खरी गंमत पुढेच आहे. गाडीत आमच्याबरोबर आठवा एक जण चढवला होता, त्याच्या हातात डब्याची पिशवी होती. एमआयडीसीत पाळीला निघालोय म्हणाला. पिशवी बघितली, त्याला तिथल्या तिथे उतरवलं. हे बघितल्यावर आमच्या इमारतीतले दोन निवृत्त गृहस्थ दुसऱ्या दिवसापासून फिरायला निघताना रिकामा डबा बरोबर घेऊ लागले. एक जण बँकेतून व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालेले आहेत. आयुष्यात कधी खोटं व्हाउचर पास न केलेला माणूस वयाच्या ६८ व्या वर्षी रिकामा डबा घेऊन कामावर निघाल्याचं सोंग करतो, हे बघून मला हसू आलं, आणि नंतर हसू आल्याचं वाईट वाटलं.

हे आजचं नाही. पहिल्या लॉकडाऊनमध्ये, एप्रिल २०२० ला, पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्यांना पोलिसांनी रस्त्यातच ओळीने योगासनं करायला लावली होती. त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी एकमेकांना पाठवले, मीही पाठवले. तेव्हा विनोद वाटला. एकटे फिरणारे लोक गोळा करून त्यांचा जमाव केला, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

त्यातल्या त्यात शहाणपणाचा आदेश आला तो ३१ मे २०२० चा, 'मिशन बिगिन अगेन'चा. ३ जूनपासून सार्वजनिक मैदानं, बागा, समुद्रकिनारे चालायला, पळायला, सायकलला खुले, पहाटे पाच ते संध्याकाळी सात. समूहाने नको, मुलांबरोबर मोठं माणूस हवं, जवळच्या जवळ जा. चौदा तास! लस कुठेच नव्हती तेव्हा चौदा तास होते. आज माझे दोन डोस झाले आहेत, पहिला ६ एप्रिलला आणि ८४ दिवस मोजून दुसरा, आणि आज चार तास आहेत. वर्षभरात आपण या रोगाबद्दल जे काही शिकलो ते सगळं मोकळ्या हवेच्या बाजूचं होतं, आणि तास मात्र दहाने कमी झाले.

तो शहाणपणाही महिनाभरच टिकला. २८ जून २०२० ला मुंबई पोलिसांनी जाहीर केलं की खरेदीला किंवा व्यायामाला घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे जाता येणार नाही. कार्यालयात जायला मात्र अंतराची अट नाही. माझा एक सहकारी दादरला राहतो, त्याला सायकलने वरळीच्या समुद्रावर जायची सवय. ते दोन किलोमीटरच्या बाहेर. पण त्याच सायकलवरून त्याच रस्त्याने तो लोअर परळला कामाला येऊ शकत होता. तो म्हणायचा, "वरळीला कंपनीची शाखा काढा हो, मी बिनपगारी जातो."

आणि आताच्या तिसऱ्या स्तरात तर याहून मजा आहे. व्यायामशाळा चारपर्यंत उघड्या, निम्म्या क्षमतेने, वेळ ठरवून, एसी बंद ठेवून. एसी बंद म्हणजे बंद खोलीत दहा-बारा जण धापा टाकत घाम गाळणार. ते चारपर्यंत चालतं. उपाहारगृहात चारपर्यंत आत बसून मास्क काढून जेवता येतं. मैदानात मास्क लावून एकट्याने चालणं मात्र नऊ वाजून एक मिनिटानंतर धोक्याचं. व्यायामशाळावाल्यांवर माझा राग नाही, दीड वर्षात त्यांचंही दिवाळं निघालं आहे, आणि हॉटेलवाले तर वेळ वाढवा म्हणून सध्या टाहो फोडतायत. त्यांचं बंद करा असं मी म्हणत नाही. पण त्यांची संघटना आहे, त्यांचं भाडं आहे, त्यांचे कामगार आहेत, म्हणून त्यांचं ऐकलं जातं. चालणाऱ्यांची संघटना नाही. मैदानाला भाडं नाही. मैदान बंद राहिल्याने कोणाच्या गल्ल्यात एक रुपया कमी होत नाही, म्हणून ते सगळ्यात आधी बंद होतं आणि सगळ्यात शेवटी उघडतं.

माझ्या गल्ल्यातला आकडा मात्र सांगतो. तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट गेल्या वर्षी मार्चमध्ये ७.१ होता. गेल्या महिन्यात ८.९ आला. डॉक्टर म्हणाले, चालणं सोडलंत का? मी म्हटलं, मी नाही सोडलं. आणि कोविडमध्ये मधुमेही माणसाचं काय होतं ते आता पोरासोरांना ठाऊक आहे.

आईचं सांगायचं राहिलं. ती ७९ वर्षांची आहे. संध्याकाळी पाचला काठी टेकत मैदानात जायची, फाटकाजवळच्या बाकावर तिच्या दोन मैत्रिणी यायच्या. तिघी तासभर बसायच्या आणि दोन फेऱ्या मारायच्या. पूर्ण नव्हे, फाटकापासून पिंपळापर्यंत आणि परत. आता पाच ते नऊ म्हणजे तिला हात धरून न्यायला घरात कोणी नाही. मी बसमध्ये, बायकोची सकाळची शिकवणी मोबाईलवर. ओल्या गवतावरून तिला एकटी सोडायची हिंमत होत नाही. घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत १४ पावलं होतात, आईची २३. तेवढ्यात ती येरझाऱ्या घालते.

पण मैत्रिणींवाचून तिला राहवेना. तेव्हा तिघींनी काय केलं असेल? आता त्या एकीच्या घरी जमतात. वन रूम किचनमध्ये. आणि शेजाऱ्यांनी बघू नये म्हणून दार लावून, खिडकीचा पडदा ओढून. मला हे कळलं तेव्हा मी चिडलो. आई म्हणाली, "मग बाकावर बसू का? पोलीस नेतील." तिचं काय चुकलं? आपल्या नियमाने तीन म्हाताऱ्यांना पिंपळाखालून उचललं आणि बंद खोलीत नेऊन बसवलं. त्या भेटायच्या थांबतील असं ज्याला वाटलं, त्याने म्हातारी माणसं बघितलेलीच नाहीत.

मी निर्बंधांच्या विरोधात आहे असं कृपा करून समजू नका. १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८ हजारांहून जास्त रुग्ण निघाले, त्याच आठवड्यात माझा मावसभाऊ गेला. ऑक्सिजनच्या खाटेसाठी त्याचा मुलगा आणि मी अकरा तास फोन फिरवत होतो. मला पुन्हा तो आठवडा नको आहे. म्हणूनच तर म्हणतो, ज्या जागी खरंच लागण होते तिथे कडक व्हा. आणि हेही मान्य की मोकळ्या जागी सोडलं की आपले लोक भान सोडतात, पावसाळ्यात भुशी धरणाच्या पायऱ्यांवर कशी झुंबड उडते ते सगळ्यांनी बघितलं आहे. तिथे बंदोबस्त लावा की. पण धरणावरची झुंबड आणि माझ्या सात फेऱ्या एकाच ओळीत कशा?

शिवाय गर्दीचं म्हणाल तर मला वाटतं घड्याळच गर्दी करतं. हे मी दोन ठिकाणी डोळ्यांनी बघितलं आहे. फेब्रुवारीत सगळ्यांना लोकल खुली केली तेव्हा वेळा अशा होत्या : सकाळी सातच्या आत, दुपारी १२ ते ४, आणि रात्री नऊनंतर. माझं कार्यालय तेव्हा सहाला सुटायचं. तीन तास कुठे काढायचे? परळ-दादरच्या दुकानांच्या पायऱ्यांवर आमच्यासारखे किती तरी जण बसलेले असायचे. आणि आठ पंचावन्नला स्टेशनच्या दारात जी दाटी व्हायची ती मी गणपतीच्या आदल्या दिवशीही दादरला पाहिलेली नाही. नऊचा ठोका पडला की बांध फुटावा तसे सगळे एकदम आत. हेच लोक सहापासून थोडे थोडे गेले असते तर? आता तेच दुकानांचं. चारला शटर पडणार म्हणून साडेतीनला फडके रोडवर पाय ठेवायला जागा नसते. तेच मैदानाचं. आठवडाभर पाच ते नऊ न जमलेले सगळे रविवारी सकाळी सातला येतात. आज सकाळी मी गेलो होतो. सात फेऱ्यांत ११ ओळखीचे भेटले आणि त्यातल्या आठांनी थांबवून गप्पा मारल्या, कारण तेही कामाच्या दिवशी माझ्यासारखेच बसमध्ये असतात.

मुलांबद्दल फार लिहीत नाही, पालकांची पत्रं येतच असतील. आमच्या जिन्यात संध्याकाळी सहा पोरं क्रिकेट खेळतात. जिन्यात! दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये. भिंतीला लागला तर चौकार.

आमचं मागणं फार नाही. मैदानं, बागा, खाडीकिनारे दिवसभर उघडे ठेवा, निदान संध्याकाळी पाच ते नऊ तरी द्या, म्हणजे कामावरून परतणाऱ्या माणसाला तिथे जाता येईल. समूहाने खेळायला बंदी ठेवायची तर ठेवा, मास्क नसेल त्याला दंड करा, मी स्वतः पावती फाडून घेईन. दोन डोस झालेल्यांना लोकल खुली करा. प्रवासी संघटना हे कधीपासून सांगतायत. बसपेक्षा लोकलला दारं-खिडक्या तरी उघड्या असतात. आणि तोवर बसच्या फेऱ्या वाढवा, की उभं राहायची वेळ येऊ नये. आदेश लिहिणाऱ्या साहेबांपैकी कोणीतरी एकदा पहाटे साडेपाचला इंदिरा चौकात यावं. सरकारी गाडी लांब उभी करावी. मी त्यांची जागा धरून ठेवीन.

आपला,
एक डोंबिवलीकर हिशेबनीस
(नाव व पत्ता आपल्याकडे दिला आहे, छापू नये. कंपनीतले साहेब आपलंच वर्तमानपत्र वाचतात.)

ता. क. पत्र पाकिटात घालताना आठवलं म्हणून पाठीमागे लिहितो. मैदानाच्या मागच्या बाजूला कुंपणाची जाळी कोणीतरी वाकवली आहे. फट एवढीच आहे की एका वेळी एकच माणूस आडवा होऊन आत जाऊ शकतो. काल शनिवार, मला सुट्टी होती. संध्याकाळी सहाला तिथे गेलो तर आत सबंध मैदान मोकळं आणि फटीपाशी अकरा माणसं खेटून उभी, आपापल्या पाळीची वाट बघत. रखवालदार पुढच्या फाटकावर कुलूप राखत बसला होता. मी बारावा उभा राहिलो.